फ्लोचार्ट काढणारं मुक्त सॉफ्टवेअर आतून कसं चालतं

गावच्या दूध संकलन केंद्रावर रोज सकाळी जे चालतं, ते एका फ्लोचार्टमध्ये मांडू. दूध आलं की आधी वास आणि रंग बघायचा. ठीक वाटलं नाही तर दूध परत. ठीक असेल तर नमुना घ्यायचा, फॅट मोजायची. तो आकडा उत्पादकाला मान्य नसेल तर पुन्हा नमुना. मान्य असेल तर वजन, मग पावती. दूध घेतलं असो की परत पाठवलं असो, शेवटी नोंदवहीत नोंद. मोजलं तर दहा पेट्या आणि अकरा बाण होतात.

कागद-पेन्सिल घेऊन हे कुणालाही काढता येईल. पण काढताना आपण नकळत बरंच काही ठरवत असतो. "दूध परत" ही पेटी बाजूला सरकवतो, कारण मुख्य काम सरळ खाली गेलेलं वाचायला बरं पडतं. पुन्हा नमुन्याकडे जाणारा बाण कडेने वळवून वर नेतो, म्हणजे तो मधल्या पेटीवरून जात नाही. मजकूर लांबला तर चौकट रुंद करतो. जागा पुरत नाही असं दिसलं की खोडून पुन्हा काढतो. संगणकाला यातलं काहीही आपोआप कळत नाही. त्याला प्रत्येक गोष्ट नियम म्हणून सांगावी लागते, आणि फ्लोचार्टचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा बहुतेक वेळ हे नियम शोधण्यात जातो.

चौकोन काढणं हा त्यातला अगदी किरकोळ भाग. ब्राउझरमध्ये एसव्हीजी नावाची चित्रं लिहायची पद्धत आहे. तिच्यात डावीकडून किती, वरून किती, रुंदी किती, उंची किती एवढे चार आकडे दिले की एका ओळीत चौकोन उमटतो. हे चार आकडे आणायचे कुठून, हा खरा प्रश्न. म्हणजे पेटी नेमकी कुठे ठेवायची, आणि आतला मजकूर किती जागा घेणार. या दोन प्रश्नांवर कित्येक दशकं काम झालंय, आणि त्यातलं बरंचसं आज खुल्या कोडमध्ये कुणालाही वाचता येतं. माझ्या मते संगणकशास्त्र शिकणाऱ्याने प्रत्यक्ष वापरातला कोड वाचायचा ठरवला, तर सुरुवातीसाठी याहून चांगला विषय मिळणं कठीण आहे. काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं, आणि चुकलं तर तेही लगेच दिसतं.

माऊसने काढायचं की लिहून सांगायचं

अशा सॉफ्टवेअरची दोन घराणी आहेत. पहिल्यात आपण माऊसने पेटी उचलून कागदावर ठेवतो, बाण ओढतो. डिया हे लिनक्सवरचं जुनं नाव या घराण्यातलं. ब्राउझरमध्ये चालणारं ड्रॉ.आयओ आणि हाताने काढल्यासारख्या वेड्यावाकड्या रेघांचं, 2020 मध्ये सुरू झालेलं एक्सकॅलिड्रॉ हीसुद्धा त्यातलीच. इथे पेटी कुठे ठेवायची ते माणूस ठरवतो. सॉफ्टवेअरला सांभाळाव्या लागतात त्या वेगळ्या गोष्टी: पेटी हलवली की तिला चिकटलेले बाण मागोमाग यायला हवेत, बारीक रेघेवर क्लिक केलं तरी ती पकडता यायला हवी, आणि "मागे घ्या" म्हटलं की नेमकी शेवटची कृती उलटायला हवी. यातलं शेवटचं ऐकायला सोपं वाटतं. ते नंतर जोडायला गेलं की सगळा कोड नव्याने लिहायची वेळ येते, म्हणून असं काही बनवणाऱ्याने त्याची सोय पहिल्या दिवसापासून करावी.

दुसऱ्या घराण्यात आपण फक्त लिहितो. ग्राफविझ हे या घराण्यातलं सॉफ्टवेअर. त्यात आपल्या केंद्राचा काही भाग असा लिहिला जातो:

"नमुना घ्या" -> "फॅट मोजा"
"फॅट मोजा" -> "आकडा मान्य?"
"आकडा मान्य?" -> "नमुना घ्या"
"आकडा मान्य?" -> "वजन करा"

कोण कुणाला जोडलंय एवढंच सांगायचं. जागा, वळणं, अंतरं हे सगळं सॉफ्टवेअर बघतं. 2009 मध्ये आलेलं प्लँटयूएमएल आणि स्वीडनच्या क्नुट स्वेडक्विस्ट यांनी 2014 मध्ये सुरू केलेलं मर्मेड याच वाटेने जातात. या घराण्याचा मोठा फायदा असा, की आकृती म्हणजे साधा मजकूर. कुणी एक बाण बदलला तर कोणती ओळ बदलली ते तिथल्या तिथे दिसतं. चित्राच्या फाइलमध्ये तसं दिसत नाही. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळाने फेब्रुवारी 2022 मध्ये मर्मेडला थेट जागा दिली, तेव्हापासून सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रात कोडशेजारीच आकृती लिहिणं सर्रास होऊ लागलं.

लिहिलेलं समजून घेण्याचं काम पार्सर करतो. तो ओळीचे तुकडे पाडतो: हे नाव, हा बाण, हे दुसरं नाव. हा भाग तुलनेने सरळ असला तरी त्यातही खाचखळगे आहेत. मर्मेडमध्ये इंग्रजी "एन्ड" हा शब्द लहान लिपीत पेटीचं नाव म्हणून लिहिला तर फ्लोचार्ट मोडू शकतो, कारण एखादा गट संपला हे सांगायला तोच शब्द राखून ठेवलाय. तीन आडव्या रेघांच्या बाणाला लागूनच इंग्रजी "ओ" किंवा "एक्स"ने सुरू होणारं नाव लिहिलं, तर ते अक्षर बाणाच्या टोकावरचं वर्तुळ किंवा फुली समजलं जातं. दोन्ही गोष्टी मर्मेडच्या माहितीपत्रात सूचना म्हणून लिहिलेल्या आहेत. शिकताना पहिला तास ज्यात वाया जातो, त्या बहुतेक वेळा अशाच गोष्टी असतात.

पेट्या कुठे ठेवायच्या

आता गाभ्याचा भाग. 1981 मध्ये जपानच्या सुगियामा, तागावा आणि तोदा या तिघांनी एका लेखात पेट्या थरांमध्ये मांडायची पद्धत दिली. 1993 मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेतल्या गान्सनर, कुत्सोफिओस, नॉर्थ आणि वो यांनी तीच वाट पक्की करणारा लेख लिहिला, आणि ग्राफविझमधला "डॉट" हा मांडणी करणारा प्रोग्रॅम त्यावर उभा आहे. चांगली आकृती कशाला म्हणायचं हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं: बाण शक्यतो एकाच दिशेने जावेत, एकमेकांना छेदू नयेत, उगाच वळू नयेत, आखूड असावेत, आणि एकूण मांडणी तोलदार दिसावी. एवढं मान्य केलं की पुढे चार पायऱ्या येतात. आपल्या दूध केंद्रावर त्या चालवून बघू.

पहिल्या पायरीत चक्र तोडायचं. नमुना, फॅट, आकडा मान्य?, आणि परत नमुना हे गोल फिरतं. गोल फिरणाऱ्या गोष्टीत वर कोण आणि खाली कोण हे ठरवता येत नाही. म्हणून सॉफ्टवेअर एक बाण तात्पुरता उलटा समजतं, मांडणी पूर्ण करतं आणि चित्र काढताना टोक पुन्हा मूळ बाजूला लावतं. कमीत कमी बाण उलटून सगळी चक्रं तोडणं हा मोठ्या आकृत्यांसाठी फार अवघड प्रश्न आहे. संगणकशास्त्रज्ञ रिचर्ड कार्प यांनी 1972 मध्ये ज्या 21 कूट प्रश्नांची यादी मांडली, तिच्यात तो आहे. ग्राफविझ त्या वाटेला जातच नाही. ते एका पेटीपासून निघतं, बाणांच्या मागे मागे खोल जातं, आणि ज्या पेटीवरून आत आलं तिच्याकडेच परत नेणारा बाण दिसला की तो उलटवतं. यातून वापरणाऱ्याच्या कामाची एक गोष्ट निघते. ओळी कोणत्या क्रमाने लिहिल्या यावर चित्र अवलंबून राहू शकतं. आकृती उलटीपालटी दिसली तर बाकी काही करण्याआधी ओळी कामाच्या स्वाभाविक क्रमाने लावून बघाव्यात.

दुसरी पायरी थर ठरवण्याची. "दूध आलं" पहिल्या थरात, "वास-रंग बघा" दुसऱ्या, "ठीक आहे?" तिसऱ्या. चौथ्या थरात "नमुना घ्या" आणि "दूध परत" शेजारी शेजारी. पुढे फॅट, मान्यता, वजन आणि पावती पाचव्या ते आठव्या थरात, आणि नोंदवही नवव्यात. बाणांची एकूण लांबी कमीत कमी राहील असं हे बसवायचं असतं, आणि त्यासाठी 1993 च्या लेखाने नेटवर्क सिम्प्लेक्स ही गणिती रीत वापरली. "दूध परत" ही पेटी इथे गमतीची आहे. तिच्यात एक बाण येतो, एक जातो. त्यामुळे ती चौथ्या थरात असो की सातव्या, एकूण लांबी तेवढीच राहते. अशा पेटीसाठी लेखात वेगळा नियम आहे: जिथे गर्दी कमी, त्या थरात तिला ढकलायचं.

ती चौथ्या थरातच राहिली असं धरू. मग "दूध परत"कडून नोंदवहीकडे जाणारा बाण चौथ्या थरातून थेट नवव्यात जातो. मधल्या चार थरांत सॉफ्टवेअर प्रत्येकी एक आभासी पेटी ठेवतं आणि त्या लांब बाणाचे पाच आखूड तुकडे करतं. या आभासी पेट्या चित्रात कधीच दिसत नाहीत. पण जागा अडवतात, आणि त्यामुळेच लांब बाण खऱ्या पेट्यांच्या अंगावरून न जाता शेजारून जातो. पेन्सिलीने आपण कडेने रेघ नेतो, त्याचं हे गणिती रूप. मला या सगळ्या पद्धतीतली ही कल्पना सर्वांत सुंदर वाटते.

तिसऱ्या पायरीत एकाच थरातल्या पेट्यांचा डावा-उजवा क्रम लावायचा, बाण कमीत कमी छेदतील असा. आपल्या उदाहरणात थरात आभासी पेट्या धरून जेमतेम दोन-तीन गोष्टी आहेत, त्यामुळे प्रश्न सोपा. पण एका थरात दहा पेट्या असतील तर त्यांचे क्रम होतात 36,28,800. खालच्या थरातही दहा असतील तर दोन्ही मिळून जोड्या 13 लाख कोटींच्या पुढे जातात. सगळे तपासणं अशक्य, आणि हा प्रश्न सर्वसाधारणपणे झटपट सुटेल अशी कोणतीही रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. वरचा थर पक्का धरून फक्त खालचा लावायचा म्हटलं तरी नाही.

म्हणून तडजोड करतात. खालच्या थरातली प्रत्येक पेटी तिच्याशी जोडलेल्या वरच्या पेट्यांच्या मधोमध येईल असं बघायचं. सुगियामांनी त्यासाठी सरासरी घेतली, ग्राफविझवाल्यांनी मध्यक घेतला, म्हणजे जोडलेल्या शेजाऱ्यांत जो मधला येतो त्याची जागा. मध्यकाची बाजू भक्कम आहे: वरचा थर पक्का असेल तर त्याने येणारे छेद सर्वांत चांगल्या उत्तराच्या तिपटीपेक्षा कधीच जास्त होत नाहीत, हे सिद्ध झालंय. प्रत्यक्षात उत्तर याहून खूपच चांगलं येतं. मग वरून खाली, खालून वर अशा फेऱ्या मारायच्या आणि शेजारच्या दोन पेट्यांची अदलाबदल करून छेद घटतात का ते बघायचं. 1993 च्या लेखात अशा 24 फेऱ्या मारल्या आहेत. 24 हा आकडा कुठल्या सिद्धांतातून आलेला नाही, तो प्रयोगांतून आलाय. मोठमोठ्या सॉफ्टवेअरमध्ये असे हाताने बसवलेले आकडे जागोजागी असतात आणि खुल्या कोडमध्ये ते वाचायला मिळतात, बदलून बघायला मिळतात.

चौथी पायरी नेमक्या जागा देण्याची. क्रम ठरला, आता डावीकडून किती अंतरावर हे ठरवायचं. इथे रेघा सरळ ठेवण्याला महत्त्व आहे, आणि लांब रेघ वाकडी झाली तर ती जास्त डोळ्यात खुपते. म्हणून दोन खऱ्या पेट्यांमधल्या तुकड्याला वजन 1, एक खरी आणि एक आभासी असेल तर 2, आणि दोन्ही आभासी असतील तर 8. वजन जास्त, तितका तो तुकडा सरळ ठेवण्याचा आग्रह जास्त. नोंदवहीकडे जाणारी आपली लांब रेघ सरळसोट उभी येते ती या 8 च्या जोरावर.

मर्मेडने हे सगळं स्वतः नव्याने लिहिलं नाही. ब्राउझरच्या जावास्क्रिप्ट भाषेत डाग्रे नावाचं ग्रंथालय, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा तयार कोड, होतं. ते त्याने मांडणीसाठी घेतलं. डाग्रेचा सांगाडा 1993 च्याच लेखावरून घेतलाय, आणि शेवटच्या पायरीसाठी त्यात ब्रँडेस आणि क्योप्फ यांची 2001 ची जलद रीत आहे. म्हणजे आज एखादा विद्यार्थी गिटहबवर चार ओळी लिहितो आणि खाली आकृती उमटते, तेव्हा त्यामागे 1981 चा जपानी लेख, 1993 चं अमेरिकी प्रयोगशाळेतलं काम, मग डाग्रे आणि मग मर्मेड अशी साखळी उभी असते. पुढे मर्मेडने मोठ्या, गुंतागुंतीच्या आकृत्यांसाठी ईएलके या दुसऱ्या मांडणी-ग्रंथालयाचाही पर्याय दिला. प्रत्येकाने आपली कडी उघडी ठेवली म्हणून पुढच्याला ती पकडता आली.

देवनागरी मजकुराची जागा

पेटी केवढी काढायची हे आतल्या मजकुरावर ठरतं, आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने इथेच सर्वांत जास्त काम बाकी आहे.

"निर्णय" हा शब्द घ्या. संगणक तो सहा खुणांमध्ये साठवतो: न, वेलांटी, र, हलन्त, ण, य. पण कागदावर सहा गोष्टी ओळीने येत नाहीत. वेलांटी साठवताना न च्या नंतर असते, दिसताना आधी येते. र चा रफार होऊन तो ण च्या डोक्यावर बसतो आणि आडवी जागा जवळपास घेतच नाही. त्यामुळे प्रत्येक खुणेची रुंदी वेगळी मोजून बेरीज केली तर उत्तर चुकतं. खरी रुंदी हवी असेल तर आधी अक्षरं जुळवून बघावी लागतात. हे काम हार्फबझ नावाचं मुक्त ग्रंथालय करतं. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही ब्राउझर त्यावरच विसंबून आहेत.

ग्राफविझसोबत पँगो हे ग्रंथालय बसवलेलं असेल तर मजकूर नीट मोजला जातो, कारण पँगो आतून हार्फबझलाच विचारतं. ते नसेल तर ग्राफविझ ठरावीक रोमन फाँटांच्या तक्त्यावरून अंदाज बांधतं. तो तक्ता देवनागरीसाठी बनलेलाच नाही, त्यामुळे मजकूर आणि पेटी यांचा मेळ बसत नाही. बसवताना पँगो आलंय की नाही ते बघून घ्यावं, आणि फाँटच्या जागी देवनागरी फाँटचं नाव स्पष्ट लिहावं. आणखी एक अडचण एसव्हीजी फाइल दुसऱ्याला पाठवताना येते. फाइलमध्ये फाँटचं नुसतं नाव जातं, फाँट जात नाही. समोरच्याकडे तो नसेल तर दुसरा लागतो, त्याची रुंदी वेगळी, आणि मजकूर चौकटीला भिडतो. छापायला किंवा कुणाला पाठवायला पीडीएफ बरी.

मर्मेडची तऱ्हा वेगळी. ते ब्राउझरमध्ये चालतं, म्हणून मजकूर आधी पानावर ठेवून ब्राउझरलाच विचारतं की याने किती जागा घेतली. अक्षरजुळणी त्यामुळे बिनचूक येते. पण फाँट इंटरनेटवरून उतरत असेल आणि मोजणी त्याआधीच उरकली असेल, तर मोजलेला फाँट एक आणि दिसणारा दुसरा असा घोळ होतो. फाँट उतरल्यावरच आकृती काढायला सांगणं हा त्यावरचा साधा उपाय. शिवाय मर्मेडमध्ये पेटीतला मजकूर एसव्हीजीच्या आत एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेत ठेवलेला असतो. इंकस्केपसारख्या चित्रांच्या सॉफ्टवेअरला ते वाचता येत नाही आणि पेट्या रिकाम्या दिसतात. तेव्हा फाइल बिघडली असं समजू नये. मर्मेडमध्ये एचटीएमएल मजकूर बंद करायची सोय आहे, ती वापरावी.

ओळ तोडणं हा वेगळाच विषय. लांब शब्द पेटीत मावत नाही, मग तो कुठे तोडायचा? इंग्रजीपुरता विचार करून लिहिलेला कोड कोणत्याही दोन खुणांमध्ये तोडतो. मग "न" एका ओळीत राहतो, वेलांटी दुसऱ्या ओळीत जाते आणि तिच्याशेजारी तुटक ठिपक्यांचं गोल वर्तुळ दिसतं. ब्राउझरमध्ये आता मजकुराचे वाचकाला एकसंध वाटणारे तुकडे करून देणारी सोय आहे. फायरफॉक्समध्ये ती 2024 मध्ये आली. मर्मेड ती वापरतं. पण जोडाक्षरांचा प्रश्न तिथेही उरलाच होता. सगळ्या लिप्यांची अक्षरं संगणकात साठवायचं मानक म्हणजे युनिकोड. त्याच्या मूळ नियमाने हलन्तानंतर तुकडा पडायचा, म्हणजे "निर्णय"चे तुकडे नि, र्, ण, य असे चार व्हायचे. सप्टेंबर 2023 मध्ये आलेल्या युनिकोड 15.1 ने देवनागरी, बंगाली, गुजराती, तेलुगू अशा काही भारतीय लिप्यांसाठी नवा नियम घातला, आणि आता नि, र्ण, य असे तीनच तुकडे होतात. लहानपणी अक्षरं मोजताना आपण जसे मोजतो, तसेच.

निर्णयाच्या पेटीचा आकारही त्रास देतो. आयएसओ 5807 या 1985 च्या मानकाप्रमाणे निर्णयासाठी डायमंड, प्रक्रियेसाठी आयत. डायमंडमध्ये मजकूर बसवायचा तर तो मजकुराच्या दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच काढावा लागतो, म्हणजे आयताच्या चौपट जागा अडते. "उत्पादकाला हा आकडा मान्य आहे का?" असं लिहिलं की डायमंड पानभर पसरतो आणि बाकीची आकृती आक्रसते. "आकडा मान्य?" पुरे.

कोड खुला, पण पुढे नेणार कोण

फ्लोचार्ट आपोआप काढायची खटपट फार जुनी आहे. फोरट्रान ही प्रोग्रॅमिंग भाषा बनवणाऱ्या, आयबीएम या संगणक कंपनीच्या चमूतल्या लोइस हाइट यांनी 1959 मध्ये प्रोग्रॅमवरून फ्लोचार्ट काढणाऱ्या प्रोग्रॅमवर लेख लिहिला होता. 1965 मध्ये अप्लाइड डेटा रिसर्च या अमेरिकी कंपनीचं ऑटोफ्लो आलं. स्वतंत्र वस्तू म्हणून बाजारात विकल्या गेलेल्या पहिल्या काही सॉफ्टवेअरमध्ये त्याची गणना होते. त्या काळी आयबीएम यंत्राबरोबर स्वतःचं फ्लोचार्टचं सॉफ्टवेअर वेगळे पैसे न घेता द्यायची. त्यापुढे विकून टिकायचं कसं, म्हणून या कंपनीने 1969 मध्ये आयबीएमवर दावा ठोकला, आणि त्याच वर्षी आयबीएमने सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी करत असल्याचं जाहीर केलं. सॉफ्टवेअरचा वेगळा बाजार उभा राहण्यात फ्लोचार्टचा असा हात आहे.

आजचं मुक्त सॉफ्टवेअरही बहुतेक वेळा फुकट मिळतं, पण त्याचं मर्म परवान्यात आहे. मर्मेडचा एमआयटी परवाना म्हणतो, घ्या, बदला, विका, फक्त मूळ हक्काची नोंद ठेवा. ग्राफविझ एक्लिप्स परवान्याखाली आहे. डियाचा जीपीएल परवाना सांगतो की बदल करून वाटलंत तर तुमचा कोडही खुला ठेवा. आपल्या उत्पादनात असं काही जोडणाऱ्याने हे आधी वाचलेलं बरं.

परवाना खुला असला म्हणजे बाहेरच्या कुणाचाही बदल स्वीकारला जातो असं मात्र नाही. ड्रॉ.आयओचा कोड सगळ्यांना वाचता येतो, पण कंपनीबाहेरच्या लोकांनी लिहिलेले बदल ते घेत नाहीत, आणि तसं त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलंय. मला यात वावगं वाटत नाही. हजारो लोकांच्या कामाच्या फाइली ज्यावर विसंबून आहेत, त्यात येणारी प्रत्येक ओळ तपासायची जबाबदारी मोठी असते. ड्रॉ.आयओ ज्यावर उभं राहिलं ते एमएक्सग्राफ 2020 मध्ये थांबलं, तेव्हा परवाना खुला असल्यामुळे इतरांनी ते मॅक्सग्राफ या नावाने पुढे चालू ठेवलं. डियाच्या बाबतीत परवाना खुला होता, तरी हात कमी पडले आणि 0.97 च्या पुढची स्थिर आवृत्ती वर्षानुवर्षं आली नाही. कोड उपलब्ध असणं आणि त्याला माणसं मिळणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी जास्त दुर्मीळ आहे.

सुरक्षिततेचाही भार याच मोजक्या माणसांवर पडतो. पेटीच्या नावात कुणी वाईट हेतूने ब्राउझरला चालवता येईल असा कोड लिहिला, तर आकृती बघणाऱ्याला धोका असतो. म्हणून मर्मेड मजकूर गाळून घेतं, आणि गिटहब आकृती पानापासून वेगळ्या बंद चौकटीत काढतं. ही कामं चित्रात दिसत नाहीत, म्हणून त्यांची वाहवाही फारशी होत नाही.

सुरुवात करायची तर

पॉलिटेक्निकच्या किंवा बी.सी.ए.च्या मुलांनी प्रकल्प म्हणून सगळं शून्यातून लिहावं का? शिकण्यासाठी जरूर. मात्र पसारा लहान ठेवा. सुरुवातीला फक्त नावं आणि बाण वाचा, चक्र नाही असं गृहीत धरा, थर लावा, चौकोन काढा. शंभर-दोनशे ओळींत हे उभं राहतं. मग चक्र असलेली आकृती द्या, प्रोग्रॅम कुठे अडकतो ते बघा, आणि पहिली पायरी का लागते ते तुमचं तुम्हाला कळेल. आभासी पेट्या त्यानंतर.

लोकांच्या उपयोगी पडायचं असेल तर चालू प्रकल्पात जाणं जास्त मोलाचं. तिथे कोडच लिहायला हवा असं नाही. देवनागरीतली आकृती चुकीची दिसली तर ती कमीत कमी ओळींत पुन्हा दाखवता येईल असं करा. दहा पेट्यांची चूक दोन पेट्यांत दाखवता आली तर तीच द्या. कोणता ब्राउझर, कोणती आवृत्ती, कोणता फाँट, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, हे लिहा. सांभाळणारी मंडळी देवनागरी वाचू शकत नसतील, त्यामुळे "रफार चुकीच्या अक्षरावर गेलाय" एवढं लिहून भागत नाही. योग्य आणि अयोग्य दोन्ही चित्रं शेजारी ठेवून कुठे बघायचं ते खूण करून दाखवावं लागतं.

मर्मेडमध्ये तपासणीच्या आकृत्यांचा मोठा संच आहे. कोडमध्ये बदल आला की त्या पुन्हा काढल्या जातात आणि आधीच्या चित्रांशी ताडून बघितल्या जातात. "निर्णय", "उत्पादक", "नोंदवही" असे शब्द असलेली, एका डायमंडची आणि एका मागे जाणाऱ्या बाणाची छोटी आकृती त्या संचात गेली, तर पुढे कुणाच्याही बदलाने जोडाक्षर तुटलं किंवा मात्रा चौकटीबाहेर गेली की फरक तपासणीतच समोर येईल, आणि तो बदल सगळ्यांपर्यंत पोचण्याआधी कुणीतरी तो थांबवून बघेल.